वाकलेल्या पेशी आणि आमच्या डॉक्टरीणबाई

"फिर?"

रोगी दुखणं सांगता सांगता श्वास घ्यायला थांबला की डॉक्टरीणबाई एवढंच म्हणायच्या. एका हातात त्याची नाडी, दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर वाजत असलेली. त्या गोंदिया शहरातल्या. घरात हिंदी, शाळेत मराठी, त्यामुळे घाई झाली की हिंदी आधी बाहेर यायची, आणि घाई त्यांना सदाचीच असे. आमच्या नवेगावच्या लोकांना वाटायचं, बाई रागावल्या. त्या रागावलेल्या नसत. पुढचं ऐकायचं असे, इतकंच.

महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा अजून थोडा अवकाश होता. तलावाच्या बांधाजवळच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. बाईंच्या आधीचे डॉक्टर जेवून दुपारी निजत. या बाई आल्या आणि दुपार संपली. खुर्चीत बसून औषध लिहिणं त्यांना जमत नसे. उभ्यानेच लिहीत, चालता चालता चहा पीत, आणि कप खिडकीत, कपाटावर, पाण्याच्या टाकीवर कुठेही ठेवून विसरत. संध्याकाळी मी ते गोळा करत फिरायची. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याजवळ काम करताना दमायला होतं, आणि ती रजेवर गेली की करमत नाही.

दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक होता, हिवतापाचं रक्त तपासायला आलेला. बाई त्याच्यावर वाकल्या की तेवढा वेळ मात्र स्थिर असत. हिवतापाचे जंतू दिसले नाहीत तरी त्या डोळा काढत नसत. एकदा मलाही बोलावून दाखवलं. फिकट गोल चकत्या, एकीला एक लागून. "ही एकेक पेशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही, मी, बांधातली मासळी, सगळे असल्याच पेशींचे बनलेले. आणि पेशी कसली बनलेली, ते तर याच्याहून बारीक. ते या नळीतून दिसत नाही."

त्यांना न दिसणाऱ्याचीच ओढ जास्त होती.

हिवाळ्याच्या तोंडाला यमुना आली. गोविंदा नावाच्या मासेमार ढीवराची मुलगी, आठ-नऊ वर्षांची. आई पार्वतानं तिला पाठुंगळी आणलं होतं. हातापायांचे सांधे सुजलेले, डोळे पिवळट, अंगावर बोट ठेवलं तरी पोर कळवळायची. पार्वता सांगत होती आणि बाई "फिर? फिर?" करत होत्या. पोर थंड पाण्यात खेळली की असं होतं. आधीची दोन मुलंही अशीच कण्हत गेली. सासू म्हणते, सुनेच्या अंगात खोट आहे. गोविंदाला दुसरी बायको करून द्यायचं घरात बोलणं सुरू आहे.

बाईंनी यमुनेच्या बोटातून रक्त घेतलं आणि नळीला डोळा लावला. मग मला हाक मारली. गोल चकत्यांमध्ये काही पेशी लांबट, वाकड्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत्या. बाईंनी दुसरा थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि कडेनं व्हॅसलीन लावून हवा बंद केली. प्राणवायू संपला की काय होतं ते त्यांना पाहायचं होतं. तोवर त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या. शेवटी पाहिलं तर जवळजवळ सगळ्याच पेशी वाकल्या होत्या.

नागपूरला शिकताना त्यांनी याबद्दल वाचलं होतं, पण असं रक्त स्वतः पाहिलं नव्हतं. त्या मला समजावू लागल्या. रक्ताच्या पेशीत एक लाल द्रव्य असतं, प्रथिनाच्या जातीचं. ते छातीतून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतं. बोलता बोलता त्यांनी माझ्या गळ्यातली काळी पोत बोटावर घेतली. "ते द्रव्य असं असतं, मणी ओवलेलं. एवढ्या माळेत एकच मणी दुसरा ओवला, तर तुम्हाला कळेल तरी? शरीराला कळतं. त्या एका मण्यानं हे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशीच्या आत काड्यांसारखे ताठ होतात आणि पेशी वाकते. वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. म्हणून पोर रडते."

मी पोत सोडवून घेतली. मला वाटलं, आता औषध सांगतील. त्या खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दवा नहीं है."

पार्वताचंही रक्त त्यांनी पाहिलं. तिच्याही पेशी वाकल्या, पण पुष्कळ उशिरा. ही बातमी पाण्याच्या घाटावरून घरी पोचायला वेळ लागला नाही. सासूला हवं तेच मिळालं. डॉक्टरीणबाईंनीच काचेत पाहून सांगितलं, खोट सुनेत आहे. पार्वताला माहेरी दवनीवाड्याकडे धाडून दिलं. यमुनेला ठेवून घेतलं.

हे कळलं तेव्हा बाई दवाखाना माझ्यावर टाकून ढीवरांच्या वस्तीकडे निघाल्या. मी म्हटलं, जरा थांबा, गोविंदाला एकट्याला बोलावून सांगू. पण थांबणं त्यांच्याकडे नव्हतंच. अंगणात जाळी वाळत होती, शेजारपाजारची माणसं उभी होती, आणि त्यांच्यासमोर बाईंनी सांगून टाकलं की हे दुखणं एकट्या आईकडून येतच नाही. अर्धं आईचं, अर्धं बापाचं, दोन्ही जुळतात तेव्हाच मूल असं होतं. गोविंदाच्या रक्तातही ते असणारच, त्यानं चलावं, आत्ता दाखवते.

गोविंदा वाळत्या जाळ्याच्या गाठी सोडवत राहिला. म्हातारी म्हणाली, "माह्या पोराचं रगत चांगलं आहे. तुमी आमच्या घरी कायले आल्या?"

त्यानंतर वस्तीतली माणसं दवाखान्यात येईनाशी झाली. बाई सगळ्यांच्या रक्तात खोट काढतात, असं बोललं जाऊ लागलं. हिवतापाच्या गोळ्यासुद्धा कोणी घेईना. बाईंनी जेवण अर्धं टाकायला सुरुवात केली. मला दोनदा विचारलं, "मी चूक बोलले का?" मी म्हटलं, बोललात ते खरं आहे, चुकली ती जागा. त्यांनी ते ऐकून घेतलं. कपाटातल्या बाटल्या काढून पुन्हा लावत बसल्या.

एका सकाळी गोविंदा एकटा आला आणि दारात उभा राहिला. "माहं बी रगत पाहा."

पोरगी आईसाठी झुरून राहिली, एवढंच तो माझ्याजवळ बोलला. बाईंनी थेंब घेतला, काच बंद केली आणि वाट पाहावी लागेल म्हणून सांगितलं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला. रात्र रात्र जाळ्याजवळ बसणारा माणूस, त्याला वाट पाहण्याचं काय? बाई मात्र आतबाहेर करत होत्या. मध्येच पेला भरून त्याला पाणी दिलं, मध्येच काच पाहिली आणि परत झाकली. तो दिवस तसाच गेला. गोविंदा घरी जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसला. ऊन व्हरांड्यात आलं तेव्हा बाईंनी त्याला हाक मारली आणि स्वतः बाजूला झाल्या.

एक डोळा मिटून तो बराच वेळ पाहत राहिला.

"इरे होत का जी हे?" धान कापायच्या विळ्याला आमच्याकडे इरा म्हणतात.

"तसेच दिसतात," बाई म्हणाल्या.

"माह्या रगतातले?"

"तुझ्याच."

त्यानं डोळा काढला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग तिले एकटीलेच काऊन बोललो आमी?"

बाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. दोष कोणाचा नाही, तुझा नाही, तिचा नाही, तुम्हाला हे आईबापांकडून आलं, त्यांनाही तसंच आलं असेल. गोविंदा दवाखान्यातून घरी न जाता परस्पर सासुरवाडीच्या वाटेला लागला. पार्वता परत आली. सासू बरेच दिवस बोलली नाही, पण दुसऱ्या बायकोचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही. वस्तीतली माणसंही हळूहळू दवाखान्यात येऊ लागली.

यमुनेला भरपूर पाणी पाजा, थंड पाण्यात उतरू देऊ नका, ताप आला की लगेच आणा, एवढंच बाईंना सांगता आलं. एवढंच सांगावं लागणं त्यांना सोसत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ही नोकरी सोडली. नागपूरला प्रयोगशाळेत जाते म्हणाल्या, त्या मण्यामागे. यमुना त्यानंतर काही वर्षं जगली. तिचं लग्नाचं वय होण्याआधीच ती गेली. तोवर आईजवळ होती.

बाई निघाल्या त्या दिवशी सर्विस मोटरला उशीर झाला. वस्तीतली पुष्कळ माणसं आली होती. पार्वता यमुनेला घेऊन उभी होती. थोडा वेळ झाला आणि बाई पिशवी उचलून रस्त्यानं चालूच लागल्या. गोविंदानं त्यांची ट्रंक डोक्यावर घेतली, मागोमाग मी. बाई पुढून मला सांगत होत्या, अमक्याची जखम रोज धुवा, तमक्या बाईचं बाळंतपण जवळ आलं आहे. मागून मोटर आली आणि थांबली. गोविंदानं ट्रंक टपावर चढवली. बाई आत शिरल्या, खिडकीशी बसल्या, आणि काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा बोलू लागल्या. इंजिनच्या आवाजात ते बुडून गेलं. मी नि गोविंदा काही पावलं धावलो. मोटर सागाच्या झाडांमागं वळली तरी त्यांचा हात खिडकीबाहेर होता, बोलताना हलायचा तसा हलत. काय सांगत होत्या, आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही.