केज ते अंबाजोगाई : वहीतल्या अकरा खुणा

मुलगी अंबाजोगाईच्या कॉलेजात मानसशास्त्रात एम. ए. करते. प्रात्यक्षिकासाठी तिनं विषय घेतला होता : माणूस मोबाइलवरच्या मेसेजला किती बांधला गेला आहे ते मोजायचं आणि त्याचा गाडी चालवण्याशी काही संबंध लागतो का ते पाहायचं. नमुना म्हणून तिनं घरातलाच माणूस निवडला. मी केजला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे, गाडी स्वतः चालवतो, आणि त्या वेळी फोन खिशात नसतो, मांडीवर असतो.

प्रश्नावलीत वीस विधानं होती आणि प्रत्येकापुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच चौकटी. 'उत्तर आलं नाही तर मला चैन पडत नाही.' कधीच नाही. 'जेवताना मी मेसेज वाचतो.' कधीच नाही. 'गाडी चालवताना मी मेसेज लिहितो.' इथंही तेच. पाच मिनिटांत कागद भरून दिला.

मुलीनं तो वाचला आणि दुसरी कोरी प्रत आईपुढे, म्हणजे माझ्या बायकोपुढे धरली, माझ्याविषयी भरायला. आई मेथी निवडत होती. तिनं उत्तरं तोंडी सांगितली.

"जेवताना?"

"नेहमी. परवा आमटी समजून पाण्यात भाकर चुरली."

घटना खरी आहे. भाकर अर्धी होती.

"गाडी चालवताना?"

"ह्याला सहावी चौकट न्हाई का?"

दोन कागदांचा मेळ बसेना. तेव्हा मुलीनं प्रत्यक्ष मोजणी ठरवली. दुसऱ्या दिवशी तिघांनाही अंबाजोगाईला जायचं होतं. ती मागं वही घेऊन बसणार आणि माझा हात फोनकडे गेला की एक खूण करणार. बायकोनं वरून अट घातली : खुणा दहाच्या पुढं गेल्या तर गाडी तिच्या ताब्यात. दिवाळीपासून तिच्याकडे लायसन होतं आणि तिच्या हातून गाडी बाजार समितीच्या मैदानाबाहेर गेली नव्हती.

"कपाटात ठिवायला काढलं का मी लायसन?" ती म्हणाली.

मी अट मान्य केली. बायको गाडी चालवते आहे आणि पत्रकार गपगुमान बसला आहे, हे दृश्य केजच्या चौकाला किती दिवस पुरेल याचा मला अंदाज होता. त्यामुळे जिंकणं भाग होतं.

गाव सुटेपर्यंत वही कोरी होती. मग फोन थरथरला. आमच्याकडे तालुक्याच्या ग्रुपवर शुभेच्छा आणि श्रद्धांजली या दोन्ही गोष्टी सकाळीच द्याव्या लागतात. कुणी दिल्या नाहीत हे ज्याच्या त्याच्या लक्षात राहतं, आणि पत्रकारानं दिल्या नाहीत तर त्याचा अर्थ काढला जातो. त्या दिवशी एका माजी सरपंचांचा वाढदिवस होता. कुणाकुणाच्या शुभेच्छा आल्या हे पाहण्यात निम्म्या रस्त्यात माझ्या खुणा भरत आल्या.

"दहा झाल्या, पप्पा."

"हे वाचन आहे. वाचन मोजायचं नसतं."

"माझ्या वहीत असतं."

अकरावी खूण मी जाणूनबुजून ओढवून घेतली. सगळ्यांचं लिहून झालं होतं, माझं एकट्याचं राहिलं होतं. मी नेहमी लिहितो ती वाक्यं माझ्या फोनला पाठ आहेत. अंगठा टेकवला की तो तीन पर्याय पुढं ठेवतो. मी न पाहता मधला दाबला, पाठवला आणि वर पाहिलं. समोर उसाची ट्रॉली होती. चढावर ट्रॅक्टर जवळजवळ थांबला होता. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं बॉनेटच्या वर आली होती आणि काचेपासून हातभर लांब होती. ट्रॅक्टरवाल्याला पत्ता नव्हता. त्याचा टेप जोरात चालू होता.

बायको उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि दार उघडलं.

"उतरा."

मी मागं बसलो, मुलगी पुढं गेली. आता फोन पाहायला हरकत नव्हती. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या खाली माझ्या नावानं भावपूर्ण श्रद्धांजली लागली होती. त्याखाली इतरांच्या सुरू झाल्या होत्या. पत्रकारानं लिहिलं म्हणजे खातरजमा झालेली असणार, हा लोकांचा हिशेब. एकानं अंत्यविधीची वेळ विचारली होती.

तेवढ्यात सरपंचांचाच फोन आला.

"पत्रकार, कवा गेलो म्हनं मी?"

"सरपंच, चूक झाली. गाडी चालवत होतो."

"गाडी तुमी चालवली अन् मेलो मी? घाटनांदूरचे सोयरे जीप करून निघालेत. एवढ्यायला केक पुरंल का?"

त्यानंतरचा मेसेज मी दोन्ही हातांनी लिहिला आणि दोनदा वाचून पाठवला : दुरुस्ती, माजी सरपंच हयात असून प्रकृती ठणठणीत आहे. हा मेसेज मोजायचा का, असं मी मुलीला विचारलं. मागच्या सीटवरचे मोजायचे नाहीत, असं ती म्हणाली. बायको सावकाश चालवत होती. तिनं त्या ट्रॉलीला ओलांडायची घाई केली नाही. रस्ता रुंद होईपर्यंत आम्ही उसामागूनच गेलो.

कॉलेजात मॅडमनी वही पाहिली आणि एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी चालक शोधून आण, असं सांगितलं. मुलीनं ते आम्हाला गाडीपाशी येऊन कळवलं. मी किल्लीसाठी हात पुढं केला. किल्ली बायकोच्या मुठीत होती.

"मॅडमला येत नसंल काढता. मी काढलाय."

संध्याकाळी केजच्या चौकात गाडी हळू झाली. चहावाल्यानं वाकून आत पाहिलं.

"वहिनी, पत्रकार मागं कावून बसले? बरं न्हाई का?"

"लई बरे हायत," बायको म्हणाली. "सकाळी गाडी चालवता चालवता एक मानूस मारला त्यायनी, म्हून."

पाठीमागं हॉर्न वाजले. तिनं पहिला गिअर टाकला आणि गाडी घरापर्यंत नेली.