भाकरीवरची बोटं

ज्वारीची भाकरी थापताना तिच्यावर माझी बोटं उमटतात. ती मला दिसतात, पण पिठाचा ओलावा बोटांना कळत नाही. गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही म्हणून गहू बंद केला. पोट शांत झालं, बोटांचा बधिरपणा तेवढा राहिला. "आतडं काही शोषून घेत नव्हतं, म्हणून बी-ट्वेल्व्ह, लोह, सगळंच कमी आहे. बोटांना परत जाणीव येईलच असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

गावाकडे आमच्यात चपाती पाहुण्यांपुरती व्हायची. घरातली पहिली पदवीधर मी. नोकरी लागली तेव्हा आई गल्लीभर सांगत फिरली, "माझी लेक रोज चपाती खाती!" मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? जे खाऊन मोठं झाल्यासारखं वाटायचं, तेच अंगाला लागत नव्हतं.

काल आई आली होती. तव्यातल्या भाकरीला पाणी लावताना माझं बोट तव्याच्या कडेला टेकून राहिलं.

"अगं, भाजतंय की!" तिने हात ओढला. बोट लाल झालं होतं. मला काहीच वाटलं नाही, वाईटसुद्धा.

तिने माझी बोटं मुठीत धरली. "कळतंय का?"

"नाही."

"बरं. मी धरून बसते."

तव्यावर भाकरी करपायला लागली. वास आधी मला आला, तरी मी हात सोडवला नाही.