पुढच्या दाराच्या पायऱ्यांवरचं गवत

निवडणूक जाहीर झाली त्याच आठवड्यात मी ठरवलं, या वेळी हॅलिफॅक्सच्या कॉफीच्या टेबलावर बसून देश चालवायचा नाही. अकरा वर्षांनंतर नागरिकत्व मिळालं होतं, आयुष्यातलं पहिलं कॅनेडियन मत खिशात होतं आणि बोलायला मला कधीच कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या पक्षाची उमेदवार शाळेत शिकवणारी बाई होती. तिची रायडिंग, म्हणजे मतदारसंघ, दक्षिण किनाऱ्यावरची. नुसती मच्छीमारांची गावं. दारोदार फिरायला माणसं हवी होती. मी नाव दिलं.

गाडी घाटेकाकांची. काका नागपूरचे, सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून आलेले, आता निवृत्त, आणि मत नेमकं विरुद्ध पक्षाला देणारे. मग आले कशाला? त्यांना गाडी चालवायला निमित्त लागतं आणि मला वाद घालायला माणूस. वाटेत भाषण मी त्यांच्यावर दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी रेडिओ लावला.

तुम्ही जाणार असाल तर १०३ नंबरच्या हायवेने ब्रिजवॉटरपर्यंत जा आणि तिथून किनाऱ्याचा जुना रस्ता धरा. वेळ दुप्पट लागतो, पण हायवेवर नुसती झाडं दिसतात. समुद्र दिसतो तो या रस्त्यावर. एप्रिलमध्ये विंटर टायर्स काढायची घाई करू नका. आणि पोटाची सोय आधी फोन करून बघा, कारण अर्धी हॉटेलं पर्यटक येईपर्यंत बंद असतात. आम्हाला एका चर्चच्या हॉलमध्ये माशांचं दाट सूप मिळालं, सोबत गरम बिस्किट, म्हणजे इथला मऊ, लोणीदार पाव, आणि चहा, पंधरा डॉलर. काकांनी खिशातून तिखटाची डबी काढली. शेजारच्या आजोबांनी ती मागून घेतली, सुपावर शिंपडली आणि डोळे पुसत म्हणाले, "बरं आहे. हिवाळ्यात का नाही आलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घरांची यादी हातात आली. गावाचं नाव लिहीत नाही, मी तसा शब्द दिलाय. खाडीभोवती तीसेक घरं, लाकडी, पांढरी, अंगणात सापळ्यांना बांधायच्या रंगीत, तरंगत्या बोयांच्या माळा आणि खाली धक्का. धक्क्याचा लाटा अडवणारा समुद्राकडचा हात हिवाळ्यातल्या वादळाने मोडला होता. तिथे कुंपण घालून पाटी लावली होती. लॉबस्टरचा हंगाम चालू, त्यामुळे बोटी पहाटेच गेलेल्या. आग्नेयेचा वारा वाढत होता.

पहिलंच घर. दगडी पायऱ्या चढून मी पुढच्या दाराशी गेले. पायऱ्यांच्या फटींतून वीतभर सुकलेलं गवत वर आलं होतं, ते मला दिसलं आणि तरी दिसलं नाही. मी मोठ्याने टकटक केली. गडद निळा कोट, छातीवर बिल्ला, हातात फाइल. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. शेवटी फुगलेलं दार खांद्याने ढकलून एका बाईने उघडलं. पन्नाशीची, हाताला पीठ. चेहरा त्याहून पांढरा.

"दोघंही?" तिने विचारलं.

मला काही कळेना. मी सवयीने सुरुवात केली, "नमस्कार, मी आपल्या मतदारसंघातल्या…"

ती उंबऱ्यावरच बसली. आधी रडली, मग मला अशा शिव्या दिल्या की त्या इथे छापता येणार नाहीत. नवरा आणि मुलगा एकाच बोटीवर होते. या गावात पुढचं दार कुणी वापरत नाही. शेजारी, पोस्टमन, जावई, सगळे मागून स्वयंपाकघरात येतात. पुढून येते ती शवपेटी, नाहीतर बोट बुडाल्याचं सांगायला आलेला गणवेशातला माणूस.

काका गाडीतून धावत आले. हळूच म्हणाले, "अगं, आपल्याकडे मागच्या दाराने जाणं म्हणजे चोरी. यांना कसं समजावणार?"

"समजावू नका," बाई नाक पुसत म्हणाली. भाषा कळली नव्हती, सूर कळला होता. "फिरून मागे या. चहा टाकते."

तिचं नाव डोना. तिच्या ओट्यावर रेडिओ होता, त्यात बोटींची बोलणी खरखरत होती. तिने आवाज कमी केला नाही. मीही माझं भाषण काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मतदार बोलला आणि मी ऐकलं.

"दर निवडणुकीला कुणीतरी धक्का मोजून जातं," ती म्हणाली. "फूटपट्टी घेऊन. मत झालं की फूटपट्टीही जाते. शाळा गेली, बँक गेली. मासळीच्या कारखान्यात आता फिलिपिन्सची मुलं आहेत. चांगली आहेत, रविवारी चर्चमध्ये गातात. आमची पोरं कामासाठी दूर पश्चिमेला, अल्बर्टात. एक माझाच राहिलाय. पानगळीपर्यंत धक्का दुरुस्त नाही झाला तर विमा कंपनी बोट इथे बांधू देणार नाही. मग माझा नवरा वेन बोट पलीकडच्या बंदरात नेईल, तासाभरावर. मुलगा तिकडेच घर घेईल. मग मी इथे कुणासाठी दिवा लावू?"

"मत कुणाला देता?" मी विचारलं.

"बाबा द्यायचे, त्यालाच मीही द्यायचे. गेल्या दोन निवडणुकांना गेलेच नाही."

माझ्याकडे याला उत्तर होतं. सहभाग, हक्क, लोकशाही, दहा मिनिटांचं, टाळ्या घेणारं. रेडिओवर एका बोटीने नाव सांगितलं, डोनाची मान वळली, पण ती बोट त्यांची नव्हती. मी कप धुवायला घेतले.

दुपारी आम्ही तिघं धक्क्यावर उभे होतो. वेनची बोट आली, पण आडोशाला हात नाही म्हटल्यावर लाट सरळ आत येत होती. पहिल्या खेपेला बोट खांबावर आपटता आपटता वाचली. दुसऱ्यांदा मुलाने फेकलेला दोर पाण्यात पडला. डोना माझी बाही धरून उभी होती, आणि त्या कुंपणावरची 'प्रवेश बंद' पाटी वाऱ्याने थडथडत होती. तिसऱ्यांदा दोर खांबात अडकला. मी अनेक मंचांवर 'पायाभूत सुविधा' हा शब्द उच्चारला आहे. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला: आई आणि मुलगा यांच्यातलं दहा फूट पाणी.

वेन वर आला. "ही कोण?"

"पुढच्या दाराने आली होती."

सगळा धक्का हसला. मुलगा म्हणाला, "तरी जिवंत परत चाललीय? आईला फार आवडलेली दिसते!"

संध्याकाळी उमेदवाराच्या सभेत मला बोलायचं होतं. भाषण खिशातच ठेवलं आणि आमच्याच उमेदवाराला सगळ्यांसमोर विचारलं, धक्का दुरुस्त कराल का? ती प्रामाणिक होती. म्हणाली, वचन देऊ शकत नाही, भांडू शकते. मागच्या रांगेतून डोना ओरडली, "लिहून दे!" काका एकटेच टाळ्या वाजवत होते, ते कुणासाठी मला अजून माहीत नाही.

आम्ही हरलो. विरुद्ध पक्षाचा माणूस निवडून आला. निकाल लागला आणि काकांचा पेढ्यांचा डबा दारात हजर. मी एक खाल्ला आणि त्याच टेबलावर बसून त्या माणसाला पत्र लिहिलं. मी तुम्हाला मत दिलेलं नाही, पुढेही देणार नाही, पण तो धक्का आता तुमचा आहे. तीन पानं झाली. माझ्यातला वक्ता काही गेला नाही. काकांनी वाचून दोन पानं कापली. शेवटचं वाक्य मात्र राहू दिलं.

जूनमध्ये डोनाचा फोन आला. हंगाम संपला होता.

"मत द्यायला गेले होते. कुणाला ते विचारू नकोस."

"नाही विचारत. धक्का?"

"कुंपण तसंच आहे. पैसे मंजूर झालेत की नाही, देव जाणे. पण एक माणूस आला होता मोजायला. निवडणूक झाल्यावर! असं कधी घडलं नव्हतं." ती जरा थांबली. "आणि ऐक, सूटबूट घातलेला शहरी माणूस, पायऱ्यांकडे वळलाही नाही. घराला वळसा घालून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी. तो शहाणा कसा निघाला गं?"

मी तिला सांगितलं नाही. पत्राचं ते शेवटचं वाक्य होतं: बोटी पाण्यात असतील, कृपया मागच्या दाराने जा.