तेवढी एक मेथड

पुण्याच्या कंपनीसाठी मी खामगावात घरी बसून काम करायचो. आमची एक जावास्क्रिप्ट लायब्ररी होती, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी आयता वापरावा असा तयार कोड. त्यातल्या मेथडींसाठी, म्हणजे एकेक ठरलेलं काम करून देणाऱ्या तुकड्यांसाठी, मी एकच नियम धरून बसलो होतो: यादी घ्यायची, नवी यादी करून द्यायची, मूळ यादीला बोट लावायचं नाही. दुसऱ्याच्या सामानाला न विचारता हात लावू नये, हे घरात शिकवतात तेच. एक मेथड शिकली की बाकीच्या कशा वागतील ते आपोआप कळावं, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या साहेबाला घाई फार. त्यानं क्रम लावायच्या मेथडला नवी यादी न करता मूळ यादीतच क्रम बदलायला लावलं. म्हणे, त्यानं वेग वाढतो. मीटिंगमध्ये माझं डोकं सटकलं आणि तोंडातून घरची बोली निघाली, "काऊन ठेवता तेवढी एकच वेगळी? लोकायले कसं समजन?" झालं, सगळे हसत सुटले. कोणीतरी "काऊन, काऊन" करून दाखवलं. मुद्दा राहिला बाजूला. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

वडनेर भोलजीची एक मुलगी नुकतीच कंपनीत लागली होती, घरातली पहिली नोकरदार. एका शिकवणी क्लासच्या ॲपवर मुलांची नावं क्रमानं दाखवायला तिनं तीच मेथड वापरली. नावांची मूळ यादीच हलली, मार्कांची यादी जागच्या जागी राहिली. एकाचे मार्क दुसऱ्याच्या नावापुढे! क्लासवाल्यानं आकाशपाताळ एक केलं.

तिचा मला फोन आला. "दादा, बाकीच्या साऱ्या तर यादीले हात लावत नाही. मंग हेच काऊन लावते?" मी साहेबाशी भांडलो. तो म्हणाला, "डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. तिनं वाचायला हवं होतं." त्याच आठवड्यात तिला काढलं.

पुढच्या आवृत्तीत साहेबानं ती मेथड गुपचूप बाकीच्यांसारखी करून टाकली. सोबत लिहिलं, "सुसंगतीसाठी सुधारणा." ग्रुपवर त्याचं कौतुक झालं. मी फोन लावला. म्हटलं, चूक कोणाची होती ते आता तुम्हीच दाखवलं, तिला परत घ्या.

साहेब अगदी गोड बोलला. "अरे, त्या जागेवर माणूस घेतलाय आपण. हुशार आहे. त्याला आपली लायब्ररी एका दिवसात कळली."