आमचे आरमारवाले भावोजी

बातमी आली तेव्हा मी सातवीच्या मुलींना दशांश अपूर्णांक शिकवत होते. शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "टीचर, घरून निरोप आलाय. लगेच यायला सांगितलंय." कशाचा निरोप, ते मी विचारलं नाही. खडू ठेवला, हात पदराला पुसले आणि मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनच्या गल्ल्यांतून चालत निघाले. दहा मिनिटांची वाट... त्या दिवशी ती संपता संपेना, आणि खरं सांगायचं तर संपू नये असंही वाटत होतं. घरी पोचले तेव्हा माझे दीर माधवराव जाऊन तास झाला होता. आज त्याला पाच आठवडे झाले.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमची माणसं मूळची तंजावरकडची; सासरे कारकुनीसाठी मद्रासला आले आणि इथलेच झाले. थोरला मुलगा, म्हणजे माझे यजमान, एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत चिकटला. धाकटा माधव मात्र कुणाला न सांगता आरमारात भरती होऊन आला. सासऱ्यांना त्याचा कोण अभिमान! "आमच्या घराण्यात आधी तलवार होती, मग लेखणी आली, आता जहाज आलं," असं ते येईल त्याला सांगत. पण मी त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा तो जहाजावरचा मुलगा मागच्या खोलीत पाठीवर पडून होता. जहाजाच्या तळाशी आग लागली, त्यात तो वरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं, एवढंच मला सांगितलं होतं. वय वर्षं चोवीस.

ती खोली अशी होती, की दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. एक खिडकी, आणि तिच्यासमोर दोन हातांवर शेजारच्या घराची भिंत. समुद्र तिथून अर्ध्या मैलावर. वारा पडला की लाटा ऐकू येत. एकदा यजमान म्हणाले, "रिक्षा करू, तुला मरिनाच्या किनाऱ्यावर नेऊ." भावोजी हसले. "अण्णा, समुद्र बघायला गेलो तर परत या खोलीत यावं लागेल. ते जमायचं नाही मला." पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

पहाटे पाचला त्यांची दाढी झालेली असे. चादरीला सुरकुती चालत नसे. सासरे पाहुण्यांना मागच्या खोलीत घेऊन जात, मुलगा दाखवायला. पाहुणे हळहळत, कुणी शूर म्हणत, कुणी डोळे पुसत. भावोजी सगळ्यांना अदबीनं नमस्कार करत आणि पाहुण्यांच्याच मुलाबाळांची चौकशी करत. आगीचं कुणी विचारलं तर म्हणत, "जहाजात असं होतं कधी कधी." त्यापुढे एक शब्द नाही. मलाही त्यांचा अभिमान वाटे, नाही असं नाही. पण अभिमान पाहुण्यांना सोपा असतो. मला त्यांना दिवसातून चार वेळा कुशीवर वळवावं लागे. अंग पुसणं, भांडं देणं, पाठीच्या जखमा धुणं... सासूबाईंच्या, आमच्या अम्माच्या, हातांत ताकद नव्हती आणि माणूस ठेवायची ऐपत नव्हती. मी शाळेत पहिली येत होते. पुढे शिकायचं, शिक्षिका व्हायचं, असं बोलून ठेवलं होतं. आता त्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून त्या खोलीत, एवढंच माझं जग होतं. घडीभर देवळात जावं म्हटलं, तर तेवढ्यातही हाक येई.

तिसऱ्या वर्षी माझी आई तंजावरहून भेटायला आली. दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. तिनं माझे हात हातात घेतले, आणि माझा बांध फुटला. मी म्हणाले, "आई, ते सुटले तर मी सुटेन ग." आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. स्वयंपाकघर आणि भावोजींची खोली यांच्यामधे फक्त एक लाकडी दार होतं, तेही लोटलेलं. त्या संध्याकाळी मी कॉफी घेऊन आत गेले. भावोजी नेहमीसारखेच बोलले. मी स्वतःची समजूत घातली, दुपारी त्यांना झोप लागली असेल.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी यजमानांकडून बंदराजवळच्या दुकानातून जाड दोर आणवला. तुळईला कुठे बांधायचा ते सांगितलं, दोरातल्या धरायच्या गाठी मात्र स्वतः मारल्या. मग रोज दुपारी दार बंद. आतून धापा टाकल्याचा आवाज येई, कधी धप्पकन पडल्याचा. अम्मा दाराबाहेर रडे. "अम्मा, रड, पण आत येऊ नको," असं आतून उत्तर येई. तळहात सोलून निघाले, पट्ट्या बांधल्या, पट्ट्यांतून रक्त आलं. चार-पाच महिन्यांनी एका सकाळी मी पाण्याचं तांब्याभांडं घेऊन गेले, तर भावोजी खुर्चीत बसलेले! अंग पुसून, शर्ट घालून, भांग पाडून. म्हणाले, "वहिनी, उद्यापासून तुम्ही मला उचलायचं नाही."

आणि त्याच दिवशी जेवताना त्यांनी अम्मासमोर विषय काढला. शिक्षिकांच्या ट्रेनिंगचे फॉर्म निघाले होते, पेपरातली जाहिरात त्यांनी कापून ठेवली होती. अम्मा भडकली. "घरची सून नोकरीला? लोक काय म्हणतील? आणि तुझं कोण करणार रे?"

"माझं मी करतो. तुझ्यासमोर करून दाखवू?"

"हट्ट करू नको, माधवा."

"हट्ट नाही, अम्मा. हुकूम समज," ते म्हणाले, आणि मग एकदम मऊ आवाजात, "आजवर काही मागितलं नाही मी तुझ्याकडे."

अम्मा उठून गेली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यापुढे माझ्या लग्नातली निळी साडी आणून टाकली. "पहिल्या दिवशी ही नेस. फाटकी नेसून जाऊ नको."

मी शिकले, शाळेत लागले. पुढे दोन-तीन वर्षांनी एका रविवारी जॉर्ज नावाचा त्यांचा एक जुना सोबती आला. विशाखापट्टणमहून कोचीनकडे चालला होता, मधे गाडी बदलायची म्हणून मद्रासला उतरला. भावोजी दोर धरून खुर्चीत येईपर्यंत तो बाहेर माझ्याशी बोलत होता. आगीत नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही हे ऐकून तो चकित झाला, आणि मग त्यानं सांगितलं. तळाच्या कोठारात तिघे अडकले होते. माधवराव हुकमाची वाट न बघता उतरले. दाराजवळ दोघे होते, त्यांना त्यांनी आधी वर ढकललं. अप्पलराजू म्हणून त्यांचा जिवलग मित्र होता, तो पार आत, पिंपांच्या मागे. तो हाका मारत होता, नाव घेऊन. "त्यानं आधी मित्राकडे धाव घेतली असती, तर चौघेही गेले असते," जॉर्ज म्हणाला. दोघांना काढून ते पुन्हा खाली उतरले, आणि शिडी तुटली. अप्पलराजू आतच राहिला.

जॉर्ज गेल्यावर मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे... "भावोजी, जवळचा माणूस आत हाका मारतो आहे आणि परक्यांना आधी काढायचं, हे कसं जमलं हो तुम्हांला?"

त्यांनी तळहातावरचा घट्टा अंगठ्यानं चोळला. "दाराजवळचा आधी, वहिनी. तो निघाल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. शिकवलेलंच असतं ते. जमत नाही, करायचं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथे दाराजवळ तुम्ही होतात."

म्हणजे त्या दुपारी मी आईला म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "गणिताच्या वह्या तपासायच्या आहेत ना? जा."

शेवटच्या सकाळी त्यांना ताप होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी म्हणाले, आज रजा टाकते. ते म्हणाले, "तापासाठी कुणी जहाज थांबवत नाही. शाळेची वेळ झाली." आणि मी गेले. ते जा म्हणाले म्हणून गेले की मलाच जायचं होतं, हे मी पाच आठवडे स्वतःला विचारते आहे.

त्यांचं दिवसकार्य झाल्यानंतर अम्मानं मला एक सांगितलं. मी सकाळी घराबाहेर पडले की भावोजी दर थोड्या वेळानं तिला विचारत, किती वाजले? दिवसभर तेच. चार वाजले की भांग पाडत, शर्ट बदलत, आणि पाच वाजता म्हणत, अम्मा, दार उघडून ठेव. मी आत गेले की मात्र नुकतंच आठवल्यासारखं विचारत, "काय, आज काय झालं शाळेत?" मला वाटे, माझं मन राखायला विचारतात. इतकी वर्षं मी वर्गातल्या मुलींच्या खोड्या, हेडमिस्ट्रेसचा राग, सगळं घाईघाईत सांगून स्वयंपाकाला पळत असे. त्यांचा सगळा दिवस त्या पाच मिनिटांसाठी होता, हे मला कळलं नाही. त्यांनी कळू दिलं नाही.

परवा पाचला घरी आले. अम्मा मागच्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यावर बसली होती. आत पलंग नाही, काही नाही. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. ती जरा सरकली, बाजूला जागा केली आणि म्हणाली, "काय झालं ग आज शाळेत?"

मी चपला काढल्या, तिच्याजवळ बसले आणि पहिल्या तासापासून सांगायला लागले.