कमरुभाईंच्या कानाचं टोपरं

कमरोद्दीनभाई सायकलवाले यांच्या स्वभावाबद्दल जालन्यात दोन पक्ष होते. बाजाराकडून त्यांच्या दुकानावरून जाणारे म्हणत, असा अदबीचा माणूस उभ्या तालुक्यात नाही. आपण सलाम म्हणायच्या आत यांचा हात कपाळाला गेलेला असतो. कुंडलिकेच्या पुलाकडून येणारे म्हणत, असा घमेंडखोर माणूस औरंगाबादेपर्यंत सापडायचा नाही. मोडक्या सायकली भाड्यानं देतो आणि तोरा असा, की जणू निजामाच्या मोटारी याच्याच ताब्यात होत्या.

दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते. कमरुभाई दुकानाच्या दारात रस्त्याकडे तोंड करून, चाकात मान घालून बसत. बाजार त्यांच्या उजव्या हाताला, पूल डाव्या हाताला. आणि डाव्या कानानं त्यांना ठार ऐकू येत नसे. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

कान गेला तोही कानाच्याच अभिमानापायी. बाकीचे सायकलवाले पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवत आणि बुडबुडे बघत. कमरुभाईंना हा प्रकार रोग्यालाच रोग विचारणाऱ्या वैद्यासारखा वाटे. ते हवा भरलेली ट्यूब कानापाशी फिरवत आणि डोळे मिटून म्हणत, "हां, इथं सुसकारा सोडून राह्यली." गिऱ्हाईक थक्क होई. गिऱ्हाईक थक्क झालं की कमरुभाई आणखी चार पंप हवा मारत. एकदा असाच पंप मारला आणि एका म्हाताऱ्या ट्यूबनं कानाशीच प्राण सोडला. कमरुभाईंनी टोपी नीट केली, "ट्यूब बदलावी लागेल" असं गंभीरपणे सांगितलं आणि नवी ट्यूब बसवून दिली. कानात आठवडाभर शिटी वाजत राहिली. मग तीही थांबली.

सांगून टाकायचं, त्यात काय, असं आपण म्हणू. पण कमरुभाई म्हणजे गावाचा कान होते. पेटी घ्यायची, तबल्याला शाई भरून आणायची, मुलीला आंदणात रेडिओ द्यायचा, कमरुभाईंना बरोबर न्यावं लागे. धर्मराजच्या रेडिओच्या दुकानात त्यांच्यासाठी एक खास स्टूल होतं. त्यावर बसून त्यांनी मान डोलावली की रेडिओ खपलाच. उरुसाच्या कव्वालीत त्यांची जागा पहिल्या ओळीत, आणि बाहेरगावचे कव्वालसुद्धा यांची 'वाह' मिळेपर्यंत तीच ओळ घोळत बसत. एका कानाच्या माणसाची वाह कोण घेणार? ती अर्धीच धरायची की काय? म्हणून कमरुभाई गप्प राहिले, आणि मैफलीत भिंतीला डावा खांदा लावून बसायला शिकले.

अशात कुवेतहून गयासोद्दीन आला. हा कमरुभाईंचा मेहुणा, बिवी अकबरबीचा धाकटा भाऊ. दुल्हेभाईंच्या कानावर त्याची फार श्रद्धा. त्यानं रेकॉर्ड प्लेअर आणला, ॲम्प्लिफायर आणला. मोठाले स्पीकर विमानात कुठे घालणार, म्हणून त्यांच्याऐवजी जर्मन बनावटीचा हेडफोन आणला. मखमलीच्या पेटीत निजलेलं ते प्रकरण पाहायला सगळी गल्ली लोटली. नारळाची दोन भकलं पट्टीनं जोडावीत तसं ते दिसे. आतून मऊ चामड्याची गादी, खाली टेलिफोनसारखी वेटोळ्यांची वायर. म्हाताऱ्या गिरिजाबाईंनी त्याला बघताक्षणी 'कानाचं टोपरं' म्हटलं, आणि जर्मनांनी काही का नाव ठेवलेलं असेना, आमच्या गल्लीत तेच नाव चाललं.

जुम्याच्या नमाजानंतर बैठक भरली. चहा झाला. पहिला मान अर्थातच कमरुभाईंचा. त्यांनी टोपी काढली, टोपरं चढवलं आणि डोळे मिटले. गयासनं नवी कोरी स्टीरिओ तबकडी लावली. आता त्या काळच्या तबकड्यांची गंमत अशी होती, की गाणारा एका कानात बसवायचा आणि वाजवणारे दुसऱ्या कानात, म्हणजे घेणाऱ्याला दोन कानांचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत. या तबकडीत गाणारा डावीकडे होता.

कमरुभाईंच्या उजव्या कानात सारंगी लागली, तबला लागला. वा! इतका जवळ, की तबलजीच्या बोटावरची पावडर ऐकू यावी. ते डोलू लागले आणि गाणाऱ्याची वाट बघू लागले. सारंगीनं जागा करून दिली. कोणी आलं नाही. तबल्यानं सम दाखवली. समेवर कोणी नाही. नवरदेव सोडून बाकी सगळी वरात दारावरून जावी तशी आख्खी बाजू निघून गेली. कमरुभाईंनी टोपरं उतरवलं आणि म्हणाले, वाजवणारे उत्तम आहेत, पण गवई कुठाय?

धर्मराजनं टोपरं घालून बघितलं. गवई चांगला खणखणीत गात होता.

कमरुभाईंना काय झालं ते तिथल्या तिथे कळलं. माणूस हुशार, पण घाबरला की आपण सगळेच जरा जास्त हुशार होतो. ते शांतपणे म्हणाले, "आवाज हाय हो. पण त्या आवाजात जीव न्हाई. मशीनमधे कुठंतरी डावी बाजू दबलेली हाय."

झालं. गल्लीनं पाळीपाळीनं टोपरं घातलं आणि ज्याला त्याला डावी बाजू दबलेली ऐकू येऊ लागली. धर्मराजनं तर पुन्हा ऐकून "हां, मला बी शंका आल्तीच" असं सांगितलं. गिरिजाबाईंना उजवीही थोडी दबलेली वाटली. बिचाऱ्या गयासचं तोंड एवढंसं झालं. इतक्या लांबून दुल्हेभाईंना नजराणा आणला, तो गावादेखत खोटा निघाला. त्यानं ठरवून टाकलं: जाताना टोपरं परत न्यायचं, दुकानदाराच्या पुढ्यात आपटायचं आणि बदलून आणायचं.

तोवर ते घरातच होतं. दुपारी दुकान बंद करून कमरुभाई जेवायला येत. एके दिवशी त्यांनी टोपरं सहज उलटं घातलं, आणि उजव्या कानात साक्षात गवई येऊन बसला. आता साजिंदे गायब. पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, कारण साजिंदे त्यांना पाठ होते. तेव्हापासून त्यांचा नेम झाला. आधी टोपरं सुलटं घालून वाजवणारे ऐकायचे, मग उलटं करून गाणारा, आणि दोघांची गाठ मनातल्या मनात घालून द्यायची. बाहेरचा माणूस एका गाण्याला एकदा रडेल, हे दोनदा रडत. मैफलीत ओळी चुकत, डावीकडचं निसटून जाई. इथं मात्र एक थेंब सांडत नव्हता. कान गेल्यापासून पहिल्यांदा कमरुभाईंना गाणं आख्खं मिळत होतं, तुकड्यांनी का होईना.

आणि गयासच्या जाण्याचा दिवस उजाडला. टांगा दारात आला. निरोपाला गल्ली जमली, त्यात पुलाकडचे भुजंग गुरुजीही होते. ते प्राथमिक शाळेत शिकवत आणि त्यांची गायन पार्टी गावोगाव भीमगीतं गाई. गयासनं मखमलीची पेटी उचलली तशी कमरुभाई म्हणाले, राहू दे, आता बराबर वाजून राह्यलं.

गयास ऐकेना. "दुल्हेभाई, लिहाज करू नका. तुमच्या कानाला खोट लागली म्हणजे खोट हाय."

धर्मराजनं दुजोरा दिला. कमरुभाई मोठ्या मनाचे आहेत म्हणून बोलत नाहीत, पण डावी बाजू दबलेली आहे हे आपण स्वतः ऐकलंय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. कमरुभाईंनी दोनदा, तीनदा म्हणून बघितलं की मशीन ठीक आहे. कोणी विश्वास ठेवीना. जन्मभर कमावलेली कानाची पत आज नेमकी त्यांच्याच आड आली होती. टोपरं ठेवायचं तर ती पत मोडावी लागणार, आणि पत ठेवायची तर टोपरं टांग्यात बसून चाललं.

गयास पायरी उतरला. कमरुभाईंनी पेटीवर हात ठेवला.

"डावी बाजू दबलेली हाय," ते म्हणाले. "पण मशीनची न्हाई. माझी. एकदा कानाशी ट्यूब फुटल्ती, तवापासून या कानानं मला काईच ऐकू येत न्हाई."

टांग्याचं घोडं तेवढं फुरफुरलं. धर्मराज आपल्या चपलेचा अंगठा बारकाईनं तपासू लागला. मग भुजंग गुरुजी पुढे आले.

"म्हणजे कमरुभाई, मी रोज शाळेत जाताना तुम्हाला जयभीम घालतो ते..."

"कोणता जयभीम, गुरुजी?"

"आता कोणता म्हणून सांगू? कित्येक वर्षांचे तुंबलेत."

कमरुभाई गुरुजींकडे वळले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "सगळ्यांचा मिळून एकदम घ्या. जयभीम." गल्ली हसली. पुलाकडचे लोक तर असे हसले, की त्यात बऱ्याच दिवसांचा राग धुऊन निघाला. गयासनं पेटी परत घरात नेऊन ठेवली आणि मोकळ्या हातानं टांग्यात बसला.

टांगा वळल्यावर अकबरबीनं पडद्याआडून सांगितलं, की आपल्याला हे ट्यूब फुटली त्या आठवड्यापासून ठाऊक आहे. मग बोलली का नाहीस, असं कमरुभाईंनी विचारल्यावर तिनं कारणही सांगून टाकलं. नवऱ्याची एक खोड तिला पक्की माहीत झाली होती. डावीकडून काही विचारलं की न ऐकल्याचं कळू नये म्हणून ते भारदस्तपणे "हां, बराबर" म्हणत. लेक आमिनाला सातवीपुढे शिकवायला ते तयार नव्हते. अकबरबीनं ती परवानगी डाव्या बाजूला बसून घेतली होती. आमिना त्या साली मॅट्रिकला बसणार होती. मग कमरुभाईंनी उठून बिवीच्या डाव्या हाताला बैठक मारली, म्हणजे ती त्यांच्या चांगल्या कानाकडे येईल, आणि आणखी काय काय मंजूर केलंय ते सांग म्हणाले. यादी बरीच लांबली असं ऐकतो.

घर सावरलं, पण बाहेरची पत गेली ती गेली, असंच कमरुभाई धरून चालले. धर्मराजच्या दुकानात जाणं त्यांनी बंद केलं. कोणी पंक्चर घेऊन आलं तर मुकाट्यानं घमेल्यात पाणी ओतून ट्यूब बुडवू लागले. तो घमेल्यात बघणारा माणूस आम्हाला कोणालाच बघवेना, पण समजूत काय घालायची तेही सुचेना. कान नसलेल्याला तुझा कान चांगला आहे, हे कसं सांगावं?

एका सकाळी भुजंग गुरुजी दुकानाशी आले. चौदा एप्रिल जवळ आला होता, पार्टीची पेटी भात्यात फाटली होती, आणि त्यांना सदर बाजारात नवी घ्यायला जायचं होतं. आजवर रागापोटी ते कमरुभाईंना विचारत नव्हते. आता म्हणाले, चला.

कमरुभाईंनी मान वर केली नाही. "गुरुजी, कशाला थट्टा करता? एका कानाचा माणूस नेऊन काय करता?"

"आम्हाला पेटी बी एकच घ्यायची हाय," भुजंग गुरुजी म्हणाले. "दोन कान काय करायचे?"

कमरुभाईंनी ट्यूब घमेल्यातून बाहेर काढली. मग त्यांनी हात पुसले, टोपी घातली आणि दुकानाची फळी ओढली. त्या दिवशी सदर बाजारात त्यांनी एकामागून एक पेट्या नापास केल्या. दुकानदार रडकुंडीला आला, आणि गुरुजींची दुपारची शाळा बुडाली.