फॅटकाका आणि ठमीचं दूध

आमच्या मजल्यावर फॅटकाकांना शोधत कुणी नवं माणूस आलं, की ते हमखास माझं दार वाजवतं. शेजारच्या दारात उभा असलेला काडीपैलवान म्हणजेच फॅटकाका, हे कुणाला खरंच वाटत नाही. मीही मुद्दाम लगेच सांगत नाही. दिवसभर शिवणयंत्रावर वाकून बसणाऱ्या बाईला तेवढीच करमणूक.

नाव पडलं ते कामावरून. काकांचा सगळा जन्म दूध संकलन केंद्रात गेला. लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे आणि काका प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध काढून त्यात फॅट किती ते बघायचे. त्यांनी मान हलवली की समोरच्याचा जीव भांड्यात पडायचा. निवृत्त झाल्यावर केंद्र सुटलं, पण सवय सुटली नाही. माझ्याकडे चहाला आले की कप नाकाशी नेऊन म्हणायचे, ‘‘कालचं दूध आहे.’’ कालचंच असायचं. म्हणून काय तोंडावर सांगायचं? पण काकांच्या जिभेला हाड नव्हतं.

काकू गेल्यावर ती जीभही गप्प झाली. आमच्या दोघांत एकच भिंत, आणि तीही पातळ. माझं यंत्र थांबलं की पलीकडचं घर ऐकू यायचं. एक ताट, एक वाटी घासल्याचा आवाज. मग रेडिओ. मग रेडिओ बंद केल्याचा आवाज. कधी कधी ते सुई मागायला यायचे. शिवायला काहीच नसायचं, हे मला ठाऊक होतं. मी सुई द्यायची, ते ‘येतो’ म्हणायचे आणि दारातच उभे राहायचे. मी बोलायला काही विषय काढला तर काढला, नाहीतर परत जायचे. मला कामं असतात. दर वेळी मी विषय काढलाच असं नाही.

मग ठमी आली. ठमी म्हणजे काकांच्या लेकीची मुलगी. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. लेक हिशेबाच्या ऑफिसात. मूल वर्षाचं झालं, तिची रजा संपली, आणि दिवसभर ठमीला काकांकडे ठेवायचं ठरलं. ठरलं नाही ते एकच: तिला दूध कुठलं द्यायचं.

लेकीच्या ऑफिसात तेव्हा या प्रश्नावरून तट पडले होते म्हणे. एकीचं म्हणणं, गाईचं दूध वासरासाठी असतं, माणसाच्या पोराला कशाला? दुसरी सोयाचं देत होती, तिसरी ओट्सचं. आणखी एक बदामाचं पाणी पाजून वर उपदेश करत होती. लेक बिचारी सगळ्यांचं ऐकून गोंधळलेली. एका रविवारी ती ओट्सच्या दुधाचा खोका घेऊनच आली. काकांनी ते पेल्यात ओतलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावलं. मी तिथंच होते, पडद्याचं माप घ्यायला गेले होते. काकांनी पेला अलगद खाली ठेवला आणि लेकीकडे असं बघितलं, की जणू तिनं दुधात पाणी घालून आणलंय. शेवटी लेकीनंच हात टेकले. म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्याजवळ राहणार आहे ती. तुम्हीच ठरवा.’’

किती वर्षांनी कुणीतरी काकांना काहीतरी ठरवायला सांगितलं होतं. पुढचे काही दिवस ते जिना चढताना शीळ घालत होते.

आता भिंतीपलीकडून पुन्हा माणसाचा आवाज यायला लागला. काका दूध तापवायचे, निववायचे, मनगटावर थेंब टाकून बघायचे, बाटलीत भरायचे. मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत ठमीला मांडीवर घेऊन बसायचे. ठमी दूध पिता पिता त्यांच्या शर्टाचं बटण पिरगाळायची आणि काका तिला केंद्रातल्या गोष्टी सांगायचे. कुणी दुधात पाणी घालून आणलं, कुणाची म्हैस कॅन लवंडून पळाली. पोरीला काय कळणार? पण तोंडात बाटली असेपर्यंत ती हलायची नाही, आणि काकांना तेवढंच हवं होतं. बाटली संपली की ती मांडीवरून उतरून जायची. म्हणून पुढची बाटली लवकर यायची. ती रडली, बाटली. कंटाळली, बाटली. पडली, बाटली. खायला घासभर काही दिलं आणि तिनं तोंड फिरवलं, की काका लगेच म्हणायचे, ‘‘राहू दे. दुधात सगळं असतं.’’

पोरगी टुणटुणीत झाली. ठमी हे नाव तेव्हाच पडलं. आणि जिन्यावरच्या बायका म्हणायला लागल्या, की बघा, दुधानं पोरीचा रंग कसा उजळला. येता-जाता तिच्या गालाला हात लावायच्या. गोरी झाली हो, गोरी झाली. काका हे ऐकायला म्हणून तिला घेऊन जिन्यात उभे राहायचे. आमच्याकडे गोरं म्हटलं की माणसाची अक्कल चरायला जाते, त्याला कोण काय करणार! त्या बायकांपैकी एकीलाही असं वाटलं नाही, की ओठही कसे पांढरे दिसतात.

मग ठमी बसल्या जागी बसायला लागली. तिच्या वयाची खालच्या मजल्यावरची पोरं जिना डोक्यावर घ्यायची, ही नुसती बघत राहायची. एकदा मी गेले तर ती भिंतीशी बसून पोपडे खरवडून खात होती. बोटं पांढरी, जीभ पांढरी. मी ओरडले. काका मात्र शांत. म्हणाले, ‘‘चुना खातेय म्हणजे तिच्या अंगात कॅल्शियम कमी पडतंय. दूध वाढवायला हवं.’’ मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, ‘‘ताई, दुधातलं तुम्ही मला शिकवणार?’’ माझ्या अंगाची लाही झाली. मी घरी येऊन यंत्र सुरू केलं ते दिवे लागेपर्यंत थांबवलं नाही. त्यांनी दूध वाढवलं.

पुढं ठमीला लस टोचायची होती. लेकीला सुट्टी मिळेना आणि काकांना सुईची भीती, स्वतःसाठी नव्हे, ठमीसाठी. म्हणून मला सोबत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ठमीची खालची पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तिथंच तपासला, आणि मग विचारलं, ही दिवसभरात दूध किती पिते? काकांनी आकडा सांगितला. कौतुकानं सांगितला, छाती काढून. भिंतीचे पोपडे खाते, ते मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

‘‘आजोबा, दूध वाईट नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गाईचं द्या, चालेल. घरात नको असेल तर सोयाचं चांगलं मिळतं, तेही चालेल. पण वर्षानंतर दूध म्हणजे जेवण नव्हे. दिवसाला एक-दोन कप पुरे, आणि बाटलीनं नको, कपानं. एवढं दूध पोटात गेल्यावर तिला भूक लागणार कुठून? तिच्या रक्तात लोह फार कमी झालंय. म्हणून तर माती नाहीतर चुना खाते.’’

‘‘दुधात लोह नसतं?’’ काकांनी विचारलं.

‘‘नसल्यातच जमा.’’

त्यांनी औषधाचे थेंब लिहून दिले. डाळ, अंडं, पालेभाजी, फळं, सगळं मऊ करून भरवायला सांगितलं. हे सगळं भरून निघेल, घाबरू नका, असंही म्हणाल्या. काका मान हलवत होते. रस्त्यानं ठमीला मी घेतलं होतं. पहिल्यांदाच त्यांनी ती माझ्याकडे न मागता दिली.

संध्याकाळी त्यांनी लेकीला सगळं उभ्यानंच सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘‘तुम्ही ठरवा असं मीच म्हटलं होतं ना, बाबा. मीपण बघायला हवं होतं.’’ मग म्हणाली, आता कपानं देऊ या, जेवण भरवू या, जमेल तुम्हाला. ठमी काकांकडेच राहणार, त्यात बदल नाही. बाटल्या तिनं स्वतःच्या हातानं केराच्या डब्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे रणकंदन. ठमी कप भिरकावत होती, घास थुंकत होती, आणि बाटलीसाठी असा गळा काढत होती, की माझी शिवण वाकडी जायची. काका समजावत होते, गाणं म्हणत होते, मांजराचा आवाज काढत होते. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी रडणं मध्येच थांबलं. हळूहळू नाही, एकदम. मी हातातलं कापड टाकून गेले. दार लोटलेलंच होतं. काका वेताच्या खुर्चीत, ठमी मांडीवर, तोंडात कोरी करकरीत बाटली. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी बोलणार होते. तोंडात शब्द चांगले मापून आणले होते. तेवढ्यात तेच म्हणाले, ‘‘ती रडली की मला वाटतं, उद्या ही येणार नाही.’’

‘‘काका, भूक तिची आहे की तुमची?’’ मी विचारलं.

हे मी बोलायला नको होतं असं अजूनही वाटत नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी तिथं थांबले नाही, एवढं खरं.

त्या रविवारी लेक आली तेव्हा काकांनी मलाही बोलावून घेतलं. साक्षीदार असावा म्हणून असेल. लेकीच्या ऑफिसच्या शेजारी एक पाळणाघर होतं. तिथं सगळी पोरं एका पंगतीत बसून जेवतात, एकमेकांचं बघून खातात, हे ती पूर्वी कधीतरी बोलली होती. काका म्हणाले, ठमीला तिथं घाल. लेक म्हणाली, काही गरज नाही, तुम्हाला जमायला लागेल. काका म्हणाले, नाही जमत. नवी बाटली आणल्याचंही त्यांनी सांगून टाकलं.

‘‘मग तुम्ही दिवसभर काय करणार, बाबा?’’

‘‘माझं सोड. तिला भूक लागू दे,’’ काका म्हणाले. ‘‘माझ्याकडे मी ती लागू देत नाही.’’

ठमी पाळणाघरात जायला लागली. पहिले दिवस वाईट गेले असं कळलं. काकांनी चौकशीला फोन करायचा नाही असं ठरवलं होतं आणि तेवढं मात्र पाळलं. भिंतीपलीकडून पुन्हा एका ताटाचा आवाज यायला लागला. रेडिओ लागेना. मी मग आपण होऊन जायला लागले, दोऱ्याचं रीळ सोडवून द्या, चष्मा सापडत नाही, असलं काहीतरी घेऊन. ते रीळ सोडवून द्यायचे. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि काका आत आले. लेकीचा फोन येऊन गेला होता. ठमीचं रक्त पुन्हा तपासलं, चांगलं भरलं होतं. पाळणाघराच्या अंगणात ती आता सगळ्यांच्या पुढं पळते. दुपारी वाटी चाटूनपुसून साफ करते, कपातलं दूध उभ्या उभ्या पिते आणि कप बाईंच्या हातात देऊन खेळायला जाते. काकांनी हे सगळं नीट, क्रमानं सांगितलं. मी म्हटलं, चला, सुटलात.

‘‘पाळणाघराच्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, आजोबांकडे जायचं का?’’ काका म्हणाले. ‘‘नाही म्हणाली. स्वच्छ नाही म्हणाली. आता शब्दही चांगले यायला लागलेत तिला.’’

त्यांना हसायचं होतं. पण ते रडायला लागले, माझ्या ओट्याला धरून, मोठ्यानं. भाजी करपत होती. मी गॅस बंद केला आणि त्यांना म्हटलं, काका, बसा, आज इथंच जेवा.